फ्रीजचा इसावा

रात्रीच्या बातम्या संपल्या की आत्या तीन कामं करायच्या. परड्याच्या दाराला कडी घालायच्या, देवापुढचा दिवा शांत करायच्या आणि फ्रीजचं बटण बंद करायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या बेळगावच्या शहापुरात अजून बऱ्याच घरांत सून सासूला आत्याच म्हणते. पहाटे पाचला उठल्यावर पहिलं बटण विहिरीवरच्या मोटारीचं आणि दुसरं फ्रीजचं. “दिवसभर राबतंय ते. रात्री कोण काय खातंय त्यातलं? जरा इसावा नको त्याला?” असं त्यांचं म्हणणं.

यावरून आमच्या दोघींत अकरा वर्षं शीतयुद्ध चाललं. फ्रीजवरूनच म्हटल्यावर दुसरं कुठलं युद्ध चालणार! मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. उष्णतेचा धडा इतक्या वेळा शिकवलाय, की पुस्तक न उघडता कुठल्या पानावर कुठली आकृती आहे ते सांगेन. त्या जोरावर मी आत्यांना सांगायची, की रात्रभरात आत शिरलेली ऊब त्याला सकाळी उपसून काढावीच लागते, त्यामुळं बिलात वाचतं ते किरकोळ. दुधाचं आयुष्य मात्र तेवढं कमी होतं. वीज गेली तर बंद दाराआड खालचा कप्पा साधारण चार तास गारवा धरतो. तुम्ही त्याला सात तास उपाशी ठेवता. आत्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि दहाला बटण बंद करायच्या.

गेल्या श्रावणात त्या निपाणीला वन्संकडं महिनाभर राहायला गेल्या. पहिल्याच रात्री मी फ्रीज चालू ठेवून झोपले. खरं सांगायचं तर झोपताना जरा जिंकल्यासारखं वाटलं.

बाराव्या-तेराव्या दिवशी दूध फाटलं.

आधी मी गवळ्याला दोष दिला. मग दह्याला आंबूस वास यायला लागला, कोथिंबीर मान टाकून बसली. हात घालून बघितलं तर खालचा कप्पा भिंतीतल्या दिवळीएवढाच गार. वरचा फ्रीजर उघडला तर तिथं सगळं दगड. ओल्या नारळाचा चव डब्यासकट खाली चिकटलेला. आता वरती एवढी थंडी आहे, म्हणजे यंत्र चालू आहे. खाली येत नाही, म्हणजे थंडी कमी पडतेय. असा विज्ञानाच्या बाईंचा तर्क. म्हणून मी फ्रीजरमधलं गोल बटण पार शेवटच्या आकड्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी खाली आणखीच कोमट.

ते बटण थंडी वाढवायचं नव्हतंच, हे मला पुढं कळलं. आमच्या फ्रीजमध्ये थंडीचं खरं बटण खालच्या कप्प्यात आहे. वरचं बटण फक्त वाटणी करतं: वर किती वारा ठेवायचा, खाली किती सोडायचा. ते शेवटच्या आकड्यावर नेलं म्हणजे खालचा वाटा मी माझ्या हातानं कापला होता.

मग एक मेकॅनिक आला. तरुण पोरगा, कानाला फोन. फ्रीजला हातही न लावता म्हणाला, “गॅस गेलाय मॅडम.” अडीच हजार. मागं बसून काहीतरी नळ्याबिळ्या जोडल्या, सोडल्या, आणि जाताना सांगून गेला, की आज दिवसभर दार उघडं टाकून बंद ठेवा, उद्या सकाळी चालू करा. सकाळी चालू केला आणि काय सांगू, दुपारपर्यंत खाली बाटलीला हात लावला तर बोटं गारठली. मी शेजारच्या वैनींना त्याचा नंबरसुद्धा दिला.

गणपतीला तीन दिवस राहिले आणि फ्रीज परत तसाच. वर दगड, खाली कोमट. आत कुंद्यासाठी, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईसाठी, आणलेला खवा, दोन लिटर दूध, खोवलेला नारळ, दूर्वा.

बाहेरगावच्या लोकांना वाटतं बेळगावकरांना फ्रीज कशाला पाहिजे. गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे या गावाला. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंची, जूनपासून गणपतीपर्यंत ती चिवट झिमझिम, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. पण पावसाळ्यातली हवा गार असली तरी ओली असते, आणि ओल्या हवेत खवा, नारळ किती लवकर बिघडतात ते इथल्या कुठल्याही बाईला विचारा. आणि फ्रीजचाही खरा छळ पावसाळ्यातच होतो. उन्हाळ्यात नुसती उष्णता उपसायची असते. पावसाळ्यात दार उघडलं की वाफेनं भरलेली हवा आत शिरते, आणि त्यातलं पाणी काढून टाकायचं कामही त्यालाच.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. खानापूरची मातीची भांडी म्हणजे आमच्याकडं नाव. आजीच्या माजघरात कोपऱ्यात तिवईवर माठ असायचा, खाली पसरट परात. एप्रिलात त्या माठातलं पाणी दाताला लागायचं. आणि पावसाळ्यात तोच माठ, तेच पाणी, पण नुसतं पाणी. आजी म्हणायची, माठ आता झोपला. माठ गार करतो तो अंगातून पाझरणाऱ्या पाण्यामुळं. ते पाणी वाफ होऊन उडताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. हवा आधीच ओली असली की पाणी उडत नाही, मग ऊबही जात नाही.

हे मी पोरांना दरवर्षी सांगते. पण फ्रीज म्हणजे हाच माठ आहे, हे माझ्या डोक्यात कधी नीट बसलं नव्हतं. फ्रीजच्या नळ्यांतही एक पदार्थ उडतो आणि उडताना आतली ऊब घेऊन जातो. फरक एवढाच, की माठाचं उडालेलं पाणी गेलं ते गेलं. फ्रीज आपलं उडालेलं पाणी सोडत नाही. कंप्रेसर ती वाफ दाबून गरम करतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून ती आपली ऊब आमच्या स्वयंपाकघरात टाकते, परत पातळ होते, केसासारख्या बारीक नळीतून आत येते आणि परत उडते. माठाला रोज पाणी घालावं लागतं, फ्रीजला नाही, ते एवढ्यासाठी.

म्हणजे फ्रीज थंडी तयार करतच नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्याच्या अंगाला हात लावून “किती तापलाय, बिघडला वाटतं” म्हणणारे आमचे हे, आणि तापू नये म्हणून मागं भिंतीला घट्ट चिकटवून वर ओला टॉवेल वाळत घालणारी मी, दोघंही त्याची बाहेर पडायची वाटच अडवत होतो.

तर गणपतीच्या तीन दिवस आधी वैनींनीच वडगावातले एक मिस्त्री पाठवून दिले. (त्या पहिल्या पोरानं त्यांनाही गॅस भरून दिला होता, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त हा नंबर दिला.) साठीच्या पुढचे, अंगात स्वेटर, हातात रेशनच्या पिशवीत हत्यारं. घरचा धंदा पिढ्यानपिढ्या मागाचा, यांनी तरुणपणी माग सोडून फ्रीज धरले. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि स्क्रू मोजताना परत ओंदू, एरडू, मूरू.

“काय झालंय आक्का?”

“गॅस गेलाय मामा. भरला तर आठ-दहा दिवस चालला, परत गेला.”

त्यांनी काही हत्यार काढलं नाही. आधी फ्रीजच्या दोन्ही बाजूंना तळवा लावून बघितला. मग मागं वाकून कंप्रेसरवर हात ठेवला, ताप बघावा तसा. मग वरचं दार उघडलं आणि चौकटीतला तो छोटा खटका बोटानं दाबून धरला. दार उघडलं की आतला पंखा थांबतो. खटका दाबला की त्याला वाटतं दार लागलं. पंखा फिरायला लागला, पण आवाज घासल्यासारखा, खराट्यानं अंगण झाडावं तसा. मग खालचं दार उघडून मागच्या भिंतीतल्या जाळीसमोर हात धरला. बराच वेळ धरला.

“गाळी इल्ला, आक्का.”

गाळी म्हणजे वारा. वारा नाही.

“गॅस गेला असता तर वर एवढा बर्फ कुठनं आला असता? थंडी हाय वर. खरं खाली उतरंना.” आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, बाहेरची माणसं ऐकून गोंधळतात. त्या दिवशी मात्र मला ते दोन्ही अर्थांनी खरं वाटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. आमच्यासारख्या डबल डोअर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसतेच. थंडीची कॉइल एकच, ती फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड. पंखा त्या कॉइलवरून वारा ओढतो, बराचसा फ्रीजरमध्ये फिरवतो आणि थोडा एका बोगद्यातून खाली सोडतो. गच्चीवर पाण्याची टाकी आणि खाली एक नळ असावा तसं. टाकी भरलेली आहे, नळाला पाणी नाही, तर माणूस आधी नळ बघेल की विहिरीत पाणी ओतेल? मी अडीच हजाराचं पाणी विहिरीत ओतलं होतं.

आता नळ कशानं तुंबला ते बघायचं. मिस्त्रींनी खाली बसून एक छोटा डबा उघडला. त्यात टायमर. त्याच्या मधल्या दांड्याला खाच होती. स्क्रूड्रायव्हर लावून त्यांनी ती हळूहळू फिरवली आणि एका ठिकाणी टक्क असा आवाज आला. कंप्रेसर बंद पडला. घरात एकदम शांत झालं. फ्रीजचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो थांबल्यावरच.

“आता आत हिटर तापाय पायजे,” ते म्हणाले. “दोन-चार मिनिटांत चर्र-चर्र ऐकू येतंय. थेंब पडल्यासारखं.”

आम्ही दोघं उघड्या फ्रीजरपुढं कान देऊन उभे. चहा ठेवला, चहा उकळला, चहा झाला. चर्र काही आलं नाही.

“फ्रॉस्ट फ्री” म्हणून विकतात तो फ्रीज बर्फ धरत नाही असा माझा समज होता. दुकानदारानंही तसंच सांगितलं होतं. तो बर्फ धरतोच. फक्त दिसत नाही अशा जागी धरतो, त्या मागच्या कॉइलवर, आणि स्वतःच वितळवतो. कंप्रेसर आठ-दहा-बारा तास चालला, की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हिटर लावतो. बर्फाचं पाणी होतं, ते एका भोकातून नळीनं मागं खाली जातं, कंप्रेसरवरच्या एका ताटलीत पडतं आणि कंप्रेसरच्याच उबेनं उडून जातं. बर्फ वितळून कॉइल जरा उबदार झाली, की तिच्यावर लावलेली बायमेटलची, म्हणजे दोन धातूंची, चकती हिटरची वीज तोडते. नाहीतर नारळाचा चव पार उकडून निघाला असता.

फ्रीजरमधलं सामान काढलं. बर्फ खरवडायला मी सुरी आणली. मिस्त्रींनी ती माझ्या हातातून काढून कट्ट्यावर ठेवली, काही न बोलता. मला एकदम माहेरचा जुना फ्रीज आठवला. मुंबईच्या काकांनी ट्रकात घालून पाठवलेला, एका दाराचा. मी शाळेत होते. त्याच्या बर्फाच्या खोक्यात बर्फ इतका साचायचा, की भावानं एकदा स्क्रूड्रायव्हर घालून तो उपटायला घेतला. फुस्स असा आवाज आला, आणि झालं. त्यानंतर तो फ्रीज तांदूळ ठेवायच्या कामी आला. पाखरू लागत नव्हतं, म्हणून आईला तो उलट जास्त आवडायचा. त्या काळच्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा गॅस असायचा, ओझोनचा थर खाणारा. १९८७ साली माँट्रियलला त्याचा वापर कमी करत नेण्याचा करार झाला, तेव्हा जगानं जे ठरवलं त्याच्या उलट आमच्या भावानं खानापूर तालुक्यातून थोडी भर घातली होती.

सुरी नको म्हणून पातेल्यात गरम पाणी ठेवलं, समोर टेबलफॅन लावला. तासाभरानं पत्रा सुटला. आत कॉइल दिसलीच नाही. पांढरी शुभ्र लादी. पंख्याची पाती त्या लादीच्या काठाला घासत होती. जिथून वारा जायचा तिथं भिंत उभी होती.

मिस्त्रींनी कॉइलच्या नळीला चिमटलेली एक गोल टोपी दाखवली, रुपयाच्या नाण्याएवढी, दोन वायरी असलेली. हाच बायमेटल. अजून बर्फात होता तोवरच मीटरची दोन टोकं लावली. गार असताना त्यातून वीज जायला पाहिजे, तरच हिटर लागणार. मीटर गप्प. टोपीच्या कडेनं गंज चढलेला.

त्यांनी ती बोटांत फिरवून बघितली. “हे आजचं न्हवं आक्का. लई दिवसांचं मेलंय. वरीस-दोन वरीस. मग इतके दिवस चाललं कसं?” मग माझ्याकडं बघून, “रात्रीचं कोण बंद करीत हुतं काय?”

मी सांगितलं. आत्या, दहाचं बटण, पहाटे पाच, आणि त्या निपाणीला गेल्यात ते. ते इतके हसले, की स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसावे लागले.

“म्हंजे टायमरचं काम आजी करीत हुत्या.”

मला हसू यायला जरा वेळ लागला. रोज सात तास फ्रीज बंद, कॉइलवरचा दिवसाचा बर्फ रात्री आपोआप वितळायचा. त्या गेल्या, मी विज्ञानाच्या जोरावर फ्रीज अखंड चालू ठेवला, आणि बारा दिवसांत भिंत उभी राहिली. त्या पोरानं गॅस भरला म्हणून नव्हे, एक दिवस दार उघडं टाकून बंद ठेवायला सांगितला म्हणून तो चालला. अडीच हजार त्या एका दिवसाच्या सुट्टीचे.

गॅसचं म्हणाल तर तो गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही, हे मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं मला वाटतं. नळ्या बंद असतात. गॅस कमी झाला असेल तर कुठंतरी भोक आहे, आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. आणि कुठला गॅस, किती ग्रॅम, ते फ्रीजवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. आमच्यावर आर-१३४ए आहे. आताच्या फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. ओझोनला काही करत नाही, लागतोही थोडासाच, पण पेट घेतो. तिथं कुणी पेटती बत्ती घेऊन जोड द्यायला बसला, तर त्याला आधी थांबवावं.

नवी टोपी बसवली. ती किती स्वस्त होती ते लिहीत नाही, परत जिवाला लागतं. मग मिस्त्रींनी कॉइलखालचं भोक दाखवलं. त्यात काळपट बुळबुळीत बोळा. जुन्या इंजेक्शनच्या सिरिंजनं कोमट पाणी सोडलं, दोनदा परत उसळून आलं, तिसऱ्यांदा घट्कन खाली गेलं आणि मागच्या ताटलीत पडल्याचा आवाज आला. तेव्हा मला दुसरं कोडं सुटलं. आत्या रोज सकाळी भाजीच्या खणाखाली फडकं फिरवायच्या. “फ्रीजला घाम येतोय” म्हणायच्या. मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

ताटली बाहेर काढली. त्यातल्या ऐवजाचं वर्णन ललित लेखात नको.

त्यानंतर मी फ्रीज भिंतीपासून चांगला वीतभर पुढं ओढला आणि वरचा टॉवेल काढला. महिन्यातून एकदा प्लग काढून मागची धूळ पुसते. प्लग काढूनच, कारण ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून यंत्राच्या पाठीला हात लावणं हा आमच्या घरातला दुसरा वाईट रिवाज होता. दाराच्या रबरात पावसाळ्यात काळी बुरशी धरते, ती साबणाच्या कोमट पाण्यानं जुन्या टूथब्रशनं निघते. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अडली पाहिजे. आमची वरच्या कोपऱ्यात अलगद निघून आली, मग ह्यांना त्या एका कोपऱ्याचाच नाद लागला, हेअर ड्रायरनं रबर जरा गरम करून, चोळून, परत नोट. चार दिवस ते येता-जाता फ्रीजमधून नोटा ओढत होते.

दुधाची पिशवी दारात ठेवत नाही आता. दार हीच सगळ्यात उबदार जागा, उघडझाप तिथंच. मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून बघितलं, चार अंशांच्या आसपास असलं की बरं. मागच्या जाळीला डबे चिकटवत नाही. कुंद्याचा डबा मी कायम तिथंच कोंबायची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर हात. एरवीही कुंदा फ्रीजमध्ये ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो ठिसूळ होतो आणि त्याचा खरपूस वास जातो. केळी, बटाटे, कांदे तर नकोच.

वीज गेली-आली की लगेच बंद-चालू करण्याची घाई आमच्या गल्लीत सगळ्यांना. कंप्रेसर थांबल्यावर नळ्यांतला दाब सारखा व्हायला तीन-पाच मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर तो भरल्या दाबाविरुद्ध उठूच शकत नाही. हुं करतो, टक्क करतो आणि परत गप्प. तो टक्क म्हणजे त्याला वाचवणारा खटका. उशिरानं वीज सोडणारा स्टॅबिलायझर हेच करतो, नुसता थांबतो.

एक गोष्ट मला या सगळ्यात फार आवडली, आणि तिचा दुरुस्तीशी काही संबंध नाही. आमच्या फ्रीजरमधल्या ट्रेमधले बर्फाचे खडे वापरले नाहीत तर महिनाभरात लहान लहान होत जातात. मला वाटायचं धाकटा चोरून खातो. ते वितळत नाहीत, बर्फाची थेट वाफ होते. पंख्याचा कोरडा वारा ती नेतो आणि कॉइलवर गोठवतो. उघडा ठेवलेला नारळ तसाच वाळतो. आणि हीच युक्ती आमच्या गावानं एकदा मोठ्या कामाला लावली होती. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आम्ही सकाळी फिरायला जातो, तिथं देवीची लस व्हायची. गोठवून, मग निर्वात जागेत त्यातला बर्फ वाफ करून उडवायचा. राहते ती कोरडी भुकटी. ही लस उन्हाळ्यातही आठवडेच्या आठवडे टिकायची, खेडोपाडी न्यायला बर्फाची पेटी लागत नव्हती. देशात चार ठिकाणी ती बनायची, त्यातलं एक बेळगाव. १९७५ च्या मे महिन्यानंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. ज्या गावानं फ्रीजची गरज नसलेली लस बनवली, त्या गावात माझं दूध फ्रीजमध्ये फाटलं.

आणि डिसेंबरात आईस्क्रीम पातळ का होतं, तेही कळलं. फ्रीजच्या चिठ्ठीवर ‘टी’ अक्षर आहे, म्हणजे भोवतालची हवा १६ ते ४३ अंश असेल तेव्हा तो नीट चालणार. आमचं परड्याकडचं स्वयंपाकघर डिसेंबरात पहाटे त्याहून गार असतं. खालचा कप्पा बाहेरच्या गारव्यानंच गार राहतो, बटणाला वाटतं सगळं ठीक आहे, कंप्रेसर लागतच नाही, आणि वरचा फ्रीजर बिचारा उपाशी. तेव्हा वरचं बटण खरंच शेवटच्या आकड्यावर न्यायचं. खाली वारा कमी जातो, खालचा कप्पा लवकर ऊब धरतो, कंप्रेसर लागतो. श्रावणात मी केलं तेच, पण चार महिने आधी.

मिस्त्री आले त्याच दिवशी संध्याकाळी वन्सं आत्यांना सोडायला आल्या. मिस्त्री नुकतेच गेले होते, फ्रीजर रिकामा, फरशीवर पाणी. मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

रात्री गणपतीच्या आरासीची फुलं लावत बसलो. दहा वाजले. आत्या उठल्या, परड्याची कडी घातली, दिवा शांत केला आणि सवयीनं भिंतीकडं वळल्या. हात बटणापर्यंत गेला, आणि त्याच वेळी आत टक्क झालं. कंप्रेसर थांबला. मिस्त्रींनी जाताना टायमर फिरवून ठेवला होता, आज एकदा वितळून निघू दे म्हणून. थोड्या वेळानं वरच्या कप्प्यातून चर्र असं बारीक ऐकू आलं, मग परत. थेंब.

आत्या हात तसाच धरून उभ्या. “बंद पडलं गे.”

“न्हाई आत्या. बर्फ वितळवुलालंय. अर्ध्या तासानं आपसूक चालू हुतंय.”

“आपणच?”

“आपणच.”

त्यांनी हात खाली घेतला. दारापाशी जाऊन कडी परत एकदा ओढून बघितली.

“मग मी काय येगळं सांगत हुते?” म्हणाल्या, आणि झोपायला गेल्या.